फुलबाजीची अक्षरं, पैठणीचा रंग: फोनच्या कॅमेऱ्याबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत सणासुदीचे फोटो जास्त आहेत. काही जणांनी थेट ‘कोणतं अ‍ॅप चांगलं?’ एवढंच विचारलंय. त्यांना वेगळं उत्तर दिलेलं नाही, कारण खालच्या बहुतेक उत्तरांत अ‍ॅपची पाळी शेवटी येते. मेन्यूतली नावं फोनच्या कंपनीनुसार आणि अ‍ॅपच्या आवृत्तीनुसार थोडी बदलतात, ती तेवढी जुळवून घ्या.

दिवाळीत फुलबाजीने हवेत नाव लिहिलेले फोटो पाहिले. आमच्या फोनमध्ये नाइट मोड लावला तरी नुसता पांढरा ठिपका येतो, नाहीतर तुटक रेघ. काय चुकतंय?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, कोल्हापूर

नाइट मोड इथे उपयोगाचा नाही. तो एकामागून एक बरेच छोटे फोटो घेतो, एकमेकांवर बसवतो आणि त्यात जे हललेलं दिसतं ते बऱ्याचदा गाळून टाकतो. तुम्हाला हवी आहे ती नेमकी हललेली गोष्ट. म्हणून सगळं हाताने ठरवता येणारा ‘प्रो’ मोड उघडा. फोनच्या कॅमेऱ्यात तो नसेल तर अँड्रॉइडसाठी ‘ओपन कॅमेरा’ हे मोफत अ‍ॅप बघा. मात्र शटर किती वेळ उघडं ठेवता येईल हे शेवटी फोनवर ठरतं. आयफोनच्या मूळ कॅमेऱ्यात शटरचा वेळ हाताने ठरवता येत नाही, त्यासाठी तशी सोय देणारं वेगळं कॅमेरा अ‍ॅप घ्यावं लागतं.

फोन ट्रायपॉडवर लावा. ट्रायपॉड नसेल तर तांदळाची अर्धी भरलेली पिशवी स्टुलावर ठेवून फोन तिच्यात रुतवा. आयएसओ (म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) ५० किंवा १००, शटर ८ सेकंद, टायमर ३ सेकंद. फोकस मात्र अंधारात आपोआप लागत नाही. लिहिणाऱ्याला जागेवर उभं करून त्याच्या हातात टॉर्च लावलेला मोबाईल द्या, त्यावर फोकस करा आणि मग फोकस ‘मॅन्युअल’वर नेऊन तिथेच ठेवा. लिहिणारा गडद कपड्यांत हवा, नाहीतर त्याच्या हालचालीचा धुरकट ठसा अक्षरांमागे उमटतो.

बहुतेकांचा गोंधळ एकाच जागी होतो. रेघ फार पांढरी, जळकी आली की ते शटरचा वेळ कमी करतात. पण फिरत्या ज्योतीची रेघ किती उजळ येणार हे आयएसओवर आणि हात किती वेगाने फिरतो त्यावर ठरतं. शटर आणखी चार सेकंद उघडं राहिलं म्हणून आधी काढलेली रेघ उजळत नाही. त्या चार सेकंदांत उजळते ती मागची भिंत आणि अंगण. म्हणजे रेघ जळत असेल तर आयएसओ खाली आणा किंवा हात जरा जलद फिरवा. पार्श्वभूमी उजळ झाली असेल तर वेळ कमी करा किंवा अंगणातला दिवा घालवा.

फुलबाजीच्या ठिणग्यांमुळे रेघ जाड आणि केसाळ येते, त्यामुळे अक्षरं फूटभर तरी उंच काढा. बारीक, स्वच्छ रेघ हवी असेल तर छोटी टॉर्च घेऊन तिच्या तोंडावर रंगीत जिलेटीन कागद लावा. देवनागरीत आधी अक्षरं आणि शेवटी एका दमात शिरोरेषा, असा क्रम ठेवला तर ओळ कमी वाकडी होते. दोन शब्दांच्या मध्ये टॉर्चसमोर तळहात धरायचा. फुलबाजी अशी झाकता येत नाही, म्हणून तिने एकच शब्द लिहावा.

लिहिणारा कॅमेऱ्याकडे तोंड करून नेहमीसारखंच लिहितो, फोटोत ते उलटं येतं. स्नॅपसीड या फोटो एडिट करायच्या अ‍ॅपमध्ये ‘रोटेट’ उघडून आडवं फ्लिप केलं की वाचता येतं. पण फ्लिप केल्यावर सगळंच फिरतं: दारावरची पाटी उलटी होते आणि साडीचा पदर भलत्याच खांद्यावर जातो. म्हणून चौकटीत पाटी येऊ देऊ नका. चेहराही दिसायला हवा असेल तर शब्द संपल्यावर लिहिणाऱ्याने दोन सेकंद पुतळ्यासारखं उभं राहायचं आणि दुसऱ्याने बाजूने टॉर्च अर्धा सेकंद चेहऱ्यावर मारायचा. सुती कपडे, जवळ पाण्याची बादली, विझलेली तार थेट बादलीत. फोन दोन मीटर लांब ठेवा, ठिणगी लेन्सच्या काचेवर पडली तर डाग कायमचा.

मी घरून साड्या विकते. फोटोतला रंग आणि प्रत्यक्षातला रंग वेगळा, अशी तक्रार दर आठवड्याला येते. विशेषतः राणी, जांभळा आणि मोरपिशी. कोणता फिल्टर लावावा?
— साडी विक्रेती, येवला

कोणताही नको. फिल्टर म्हणजे रंग बदलण्याचीच सोय आहे. तुमचा प्रश्न तीन ठिकाणी अडलेला आहे आणि तिन्ही वेगवेगळी सोडवावी लागतील.

पहिलं ठिकाण उजेड. खिडकीचा निळसर उजेड आणि खोलीतला ट्यूब किंवा पिवळा बल्ब एकत्र असेल तर साडीचा एक काठ निळा आणि दुसरा पिवळा पडतो. असा मिश्र रंग कुठल्याही अ‍ॅपमध्ये एका फटक्यात सुधारत नाही, कारण डावीकडे एक दुरुस्ती हवी असते आणि उजवीकडे दुसरी. घरातले दिवे बंद करा. थेट ऊन येणार नाही अशा खिडकीपासून तीन-चार फुटांवर साडी लावा. समोरच्या बाजूला पांढरी चादर किंवा थर्मोकोलचा पत्रा उभा केला की घड्यांतली सावली हलकी होते. शेजारची भिंत हिरवी किंवा गुलाबी असेल तर तिचा रंग साडीवर पडतो. ती भिंतही चादरीने झाका.

दुसरं ठिकाण फोनची हुशारी. ‘सीन ऑप्टिमायझर’ किंवा ‘एआय कॅमेरा’ नावाची जी सोय असेल ती बंद करा, ती रंग भडक करते. प्रत्येक साडीचा पहिला फोटो घेताना तिच्यावर ग्रे कार्ड, म्हणजे रंग ताडायला वापरतात ते राखाडी कार्ड ठेवा. फोटोग्राफीच्या दुकानात ते स्वस्तात मिळतं. नसेल तर साधा पांढरा कागद चालेल, पण कागद चकचकीत नको आणि फोटोत जळून पूर्ण पांढराफटक झालेला नको. झेरॉक्सच्या काही कागदांत पांढरेपणासाठी चमक आणणारं रसायन असतं, त्यामुळे खिडकीच्या उजेडात ते किंचित निळे दिसतात आणि त्यावरून दुरुस्त केलेली साडी किंचित पिवळसर येते. राणी रंगात तेवढा फरकही कळतो, म्हणून ग्रे कार्डच बरं.

लाइटरूमच्या मोबाईल अ‍ॅपमध्ये तो फोटो उघडा, ‘कलर’मध्ये ड्रॉपर घ्या आणि कार्डावर टेकवा. मग त्या सेटिंग कॉपी करून त्याच जागी, त्याच उजेडात घेतलेल्या बाकीच्या फोटोंवर पेस्ट करा. जरीवर किंवा काठावरच्या पांढऱ्या बुट्टीवर ड्रॉपर टेकवू नका. ते पांढरं दिसतं, असतं मात्र पिवळसर. फोटो घेतानाच एक्सपोजर (उजेडाचं प्रमाण) -०.३ ते -०.७ ठेवा. गडद गुलाबी, लाल आणि झेंडूच्या केशरीत लाल रंगाची नोंद सगळ्यात आधी कमाल मर्यादेला भिडते. ती भिडली की कापडाचा पोत जाऊन सपाट रंगाचा पट्टा उरतो आणि तो परत आणता येत नाही. थोडा काळोखा घेतलेला फोटो मागून उजळता येतो.

तिसरं ठिकाण पडदा. तुमच्या फोनचा डिस्प्ले ‘व्हिव्हिड’वर असेल तर तुम्हाला सगळंच जास्त भडक दिसतं आणि तुम्ही एडिट करताना रंग कमी करता. डिस्प्ले ‘नॅचरल’वर आणा, रात्री लागणारा पिवळा ‘आय कम्फर्ट’ बंद करून मगच रंग तपासा. ग्राहकाच्या फोनवर तुमचा ताबा नाही. काही तीव्र रंग, तुमचा राणी त्यातलाच, साध्या पडद्यांना पूर्ण दाखवताच येत नाहीत. त्यामुळे फोटोखाली ‘राणी, किंचित जांभळ्याकडे झुकणारा’ असं शब्दांत लिहून द्या. तक्रारी कमी करायला ही एक ओळ फार उपयोगी पडते.

धूपछाव कापडाचं वेगळं आहे. त्यात उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या, म्हणून कोन बदलला की रंग बदलतो. अशा साडीचे एका कोनातून घेतलेले दहा फोटो अपुरेच. समोरून एक, तिरका एक आणि पदर हलवतानाचा पाच सेकंदांचा व्हिडिओ पाठवा.

गणपतीच्या फोटोंत आडवे काळे पट्टे येतात आणि व्हिडिओत तर ते सरकतात. कॅमेरा खराब झालाय का?
— मंडळाचा कार्यकर्ता, ठाणे

कॅमेरा ठीक आहे, लायटिंग लुकलुकतंय. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी आणि ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही. फोनचा सेन्सर मात्र चित्र एकदम न टिपता वरून खाली ओळीओळीने वाचतो. शटर १/१००० सेकंद असेल तर काही ओळी दिवा उजळ असताना वाचल्या जातात, काही मंद असताना. तेच ते पट्टे.

प्रो मोडमध्ये शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, म्हणजे प्रत्येक ओळीला पूर्ण लुकलुक मिळते. व्हिडिओलाही हेच शटर. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘अँटी-फ्लिकर’ असेल तर ५० हर्ट्झ निवडा. आयफोनमध्ये व्हिडिओच्या सेटिंगमधला ‘शो पाल फॉरमॅट्स’ चालू केला की २५ फ्रेमचा पर्याय दिसू लागतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची आहे, तिथल्या महाराष्ट्र मंडळांनी १/६० किंवा १/१२० घ्यावं. स्वस्त माळांचा ड्रायव्हर, म्हणजे त्यांना वीज देणारं सर्किट, स्वतःच्याच चालीने लुकलुकतं. तिथे १/२५ पर्यंत खाली या आणि कंट्रोलर ‘स्थिर’वर ठेवा.

मूर्तीचा चेहरा नीट येत नाही याचं कारण बहुधा निराळं असतं. मागे झगमगाट असला की फोन त्याच्या हिशेबाने उजेड धरतो आणि चेहरा काळा पडतो. चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस-एक्सपोजर लॉक झालं की बोट खाली सरकवून उजेड जरा कमी करा. मुकुटाची चमक जळू नये इतपतच. मूर्तीवर नुसता निळा किंवा नुसता लाल झोत असेल तर रंगदुरुस्तीच्या नादी लागू नका. लाल, हिरवा, निळा यांपैकी बाकीच्या दोन रंगांची नोंद सेन्सरकडे जवळजवळ झालेलीच नसते. असा फोटो कृष्णधवल करा, तो देखणा होतो. नाहीतर आरतीच्या वेळेपुरता मंडळाला एक साधा पांढरा दिवा बाजूने लावायला सांगा.

स्नॅपसीडमधलं ‘डबल एक्सपोजर’ वापरून चेहऱ्यात जंगल दिसेल असा फोटो करायचा आहे. माझ्याकडे दोन्ही फोटो नुसते एकमेकांवर पुसट चढतात.
— वाचक, नागपूर

पहिल्या फोटोतच अडचण आहे. ही युक्ती सावलीसारख्या काळ्या आकृतीवर चालते. माणसाला सकाळी किंवा संध्याकाळी मोकळ्या, उजळ आभाळासमोर बाजूने उभं करा, आभाळावर बोट टेकवून उजेड धरा. चेहरा काळा पडला पाहिजे. नाक, ओठ, हनुवटी कडेने स्पष्ट दिसायला हवी. केस मोकळे सोडले तर कडा फाटते, अंबाडा किंवा वेणी बरी.

हा फोटो स्नॅपसीडमध्ये उघडा आणि आधी ‘कर्व्ज’मध्ये जा. वरचं टोक डावीकडे सरकवून आभाळ अगदी पांढरं करा, खालचं टोक उजवीकडे नेऊन आकृती अगदी काळी. इथे आळस केला की पुढे सगळं पुसट होतं. मग ‘डबल एक्सपोजर’ उघडून जंगलाचा फोटो जोडा, दोन बोटांनी मोठा करून चेहऱ्यावर बसवा आणि मिसळण्याची पद्धत ‘लाइटन’ निवडा. या पद्धतीत प्रत्येक ठिकाणी दोघांपैकी उजळ तेवढं टिकतं. पांढरं आभाळ जंगलापेक्षा उजळ, म्हणून पांढरंच राहतं. काळ्या आकृतीपेक्षा जंगल उजळ, म्हणून आकृतीत जंगल भरतं. तुम्ही बहुधा ‘डीफॉल्ट’वरच थांबलात, तिथे दोन्हींची सरासरी होते.

दुसरा फोटो निवडताना एक पथ्य पाळा. त्यात मोठं पांढरं आभाळ असेल तर त्या जागी आकृतीची कडा विरघळून जाते. पर्णरहित फांद्या आणि मागे लख्ख आभाळ हा फोटो सुटा छान दिसतो, इथे मात्र फसतो. दाट पानं, भाजी मंडईची गर्दी, पावसाळी डांबरी रस्ता असे मध्यम-गडद फोटो चांगले बसतात.

डोळ्यापाशी चेहरा तसाच ठेवायचा असेल तर ‘व्ह्यू एडिट्स’मध्ये जा, डबल एक्सपोजरच्या पायरीवर टेकवून ब्रश घ्या. परिणाम पूर्ण पुसला गेलेला दिसेल. घाबरू नका, १०० वर ठेवून जिथे जंगल हवं तिथे रंगवा आणि डोळ्याजवळ २५ वर या.

धबधब्याचं पाणी रेशमासारखं यावं म्हणून प्रो मोडमध्ये एक सेकंद ठेवला तर अख्खा फोटो पांढरा झाला.
— ट्रेकर, पुणे

होणारच. बहुतेक फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचं छिद्र ठरलेलं असतं, एफ १.८ च्या आसपास, आणि ते लहान करता येत नाही. ढगाळ दिवशी झाडीतल्या धबधब्यापाशी आयएसओ ५० वर बरोबर शटर साधारण १/१६० येतं. रेशीम यायला १/५ तरी हवं, म्हणजे बत्तीसपट जास्त प्रकाश. तो अडवायला लेन्सपुढे एनडी फिल्टर लागतो. एनडी ३२ ने १/५ सेकंद मिळतो, एनडी ६४ ने २/५. क्लिपने लावायचे मिळतात. तुमच्या फोनच्या मुख्य लेन्सवर नीट बसतो का ते दुकानातच पाहा, कारण तीन कॅमेऱ्यांच्या फुगीर चौकोनावर क्लिप तिरकी बसते आणि कोपरे काळे येतात.

फिल्टर नसेल तर गॉगलची काच धरून बघता येतं. साधारण गडद गॉगल १०-१५ टक्के प्रकाश आत सोडतो, त्याने शटर १/२० च्या जवळपास येतं. पाणी थोडं लांबट दिसेल, रेशीम नाही, आणि रंगाची झाक व्हाइट बॅलन्सने काढावी लागेल. आयफोनवाल्यांना सोपं आहे: लाइव्ह फोटो चालू ठेवून काढा, मग फोटोत ‘लाँग एक्सपोजर’ निवडा. दोन्ही कोपर दगडाला टेकवून फोन स्थिर धरा, नाहीतर कडेचे खडकही वाहू लागतात. आणि शेवाळलेल्या दगडावर ट्रायपॉड लावायला पाण्यात उतरू नका.

कृष्णधवल फोटोत आभाळ नाट्यमय करायला लाल फिल्टर वापरतात असं वाचलं. स्नॅपसीडमध्ये लावून पाहिला, राजगडाच्या फोटोत काहीच फरक पडला नाही.
— वाचक, भोर

फोटो पावसाळ्यातला असणार. लाल फिल्टर निळं ते काळं करतो. राखाडी ढगात निळं नसतंच, त्यामुळे त्याला काळं करायला काही सापडत नाही. ऑक्टोबरनंतरच्या निळ्या आभाळावर, पांढरे ढग असताना लावा, लगेच फरक दिसेल. पावसाळी फोटोत हिरवळ उजळून गड उठावदार करायचा तर हिरवा किंवा पिवळा फिल्टर घ्या, आणि ढगांसाठी ‘सिलेक्टिव्ह’चा ठिपका आभाळावर ठेवून स्ट्रक्चर वाढवा. माणसांच्या फोटोत लाल फिल्टरने कातडी उजळ आणि डागविरहित दिसते. निळ्याने प्रत्येक सुरकुती बाहेर येते. म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या चेहऱ्याला निळा छान, नवरीला चुकूनही नको.

एडिट केलेले माझे फोटो कॅलेंडरवरच्या चित्रासारखे दिसतात, असं मित्र म्हणतात. डोंगराच्या कडेला पांढरी रेघही येते.
— वाचक, संगमनेर

स्नॅपसीडमधलं ‘एचडीआर स्केप’. तेच लावत असाल. सावल्या उजळायच्या, उजेड दाबायचा आणि कडा ठळक करायच्या अशी तिन्ही कामं ते एकदम करतं, आणि जिथे गडद डोंगर उजळ आभाळाला भिडतो तिथे पांढरी प्रभावळ तयार होते. ‘ट्यून इमेज’मधला अँबियन्स आणि ‘डिटेल्स’मधला स्ट्रक्चरही जास्त झाला की हेच करतात.

क्रम असा ठेवा: क्रॉप, मग व्हाइट बॅलन्स, मग ट्यून इमेज, मग एखाद-दुसरा ‘सिलेक्टिव्ह’, शेवटी डिटेल्स. अँबियन्स २० च्या वर क्वचित लागतो, स्ट्रक्चर १५ आणि शार्पनिंग २० पुरे. शार्पनिंग आधी केलं तर पुढची प्रत्येक पायरी त्या कडा आणखी खरखरीत करते. रात्रीच्या फोटोत शार्पनिंग शून्य. तिथे धारदार होतात ते रवाळ ठिपके. झालेला फोटो मूळ फोटोशी ताडून पाहा, पण त्याआधी पाच मिनिटं फोन बाजूला ठेवा. डोळ्याला भडकपणाची सवय फार लवकर लागते.

भिंतीवरच्या काचेच्या तसबिरीतला आजी-आजोबांचा १९६० च्या आसपासचा फोटो फोनवर घ्यायचा आहे. काढायला गेलो तर तो काचेला चिकटलेला आहे.
— वाचक, रत्नागिरी

ओढू नका. दमट हवेत फोटोचा वरचा थर काचेला धरतो आणि ओढला की चेहरा काचेवर राहतो. काचेतूनच फोटो घ्या. काच बाहेरून कोरड्या मऊ कापडाने पुसा, तसबीर खिडकीजवळ जमिनीवर आडवी ठेवा, उजेड एका बाजूने येऊ द्या, फ्लॅश बंद. काचेत फोनचं आणि तुमचं प्रतिबिंब पडतं. त्यासाठी काळ्या कार्डपेपरला लेन्सएवढं भोक पाडून फोन त्यामागे धरा आणि गडद शर्ट घाला. फोन तसबिरीला अगदी समांतर हवा. जवळ जाण्याऐवजी २ एक्सवर नेऊन थोडं लांबून घ्या, चौकट वाकडी येत नाही. तरीही चकाकी राहिली तर गूगलचं ‘फोटोस्कॅन’ वापरा, ते चार ठिपक्यांवर फोन फिरवायला लावतं आणि वेगवेगळ्या जागच्या चकाकीविना भाग जोडतं. त्याच्या निकालात बारकावे थोडे कमी असतात, म्हणून साधा फोटोही ठेवा.

पुढे स्नॅपसीडमध्ये ‘पर्स्पेक्टिव्ह’ने चौकट सरळ, ‘कर्व्ज’ने काळं-पांढरं परत आणायचं, बुरशीचे ठिपके ‘हीलिंग’ने. ठिपका स्क्रीनवर मोठा करून एकेक काढा. मोठ्या फटक्याने भुवया जातात. चेहरा ‘स्पष्ट’ करून देणारी एआय अ‍ॅप्स इथे आम्हाला पटत नाहीत. पुसट झालेला डोळा त्यांना दिसत नाही, मग ती स्वतःच नवा डोळा काढतात. तो सुबक असतो, आजीचा नसतो. हौस म्हणून केलंत तर वेगळ्या नावाने ठेवा.

मिसळीचे फोटो काढतो. तर्री काळपट आणि प्लेट अंडाकृती येते.
— उपाहारगृह चालक, नाशिक

प्लेट अंडाकृती येते कारण तुम्ही वाइड लेन्सने फार जवळून घेताय. दोन पावलं मागे जा, २ एक्स लावा. तर्री काळपट दिसते कारण उजेड तुमच्या पाठीमागून येतोय. वाटी अशी फिरवा की खिडकी वाटीच्या मागे, जरा डावीकडे येईल; मग तेलावर चमक येते आणि लाल रंग उठतो. पुढच्या बाजूला पांढरा कागद उभा धरा. वाफ दिसायला मागची बाजू गडद लागते. फरसाण आणि कांदा फोटोच्या क्षणी टाका, दोन मिनिटांत ते मऊ पडून बुडतात. आणि वरची ट्यूब घालवा. तिची पांढरी पट्टी तर्रीवर दिसते.

एकाच फोटोत एकच माणूस तीनदा कसा आणतात?
— सातवीतला वाचक, लातूर

पॅनोरमा लाव. मित्राला डाव्या टोकाला उभं कर, तिथून फोन हळूहळू उजवीकडे फिरवायला लाग. मित्र चौकटीबाहेर गेला की हात जागीच थांबव. त्याने तुझ्या पाठीमागून पळत जाऊन पुढच्या जागी उभं राहायचं, मग तू पुन्हा फिरव. असं तीनदा. तो समोरून पळाला तर अर्धा कापला जातो. फोन वरखाली झाला तर फोटोत पायऱ्या पडतात.

स्पर्धेसाठी १२ बाय १८ इंची प्रिंट मागितली आहे, शिवाय मंडळाला तोच फोटो फ्लेक्सवर हवा. फोन १२ मेगापिक्सेलचा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर दुकानदार म्हणतो फाटतोय.
— वाचक, सोलापूर

फोन पुरेसा आहे, रस्ता चुकीचा आहे. १२ मेगापिक्सेल म्हणजे ४००० बाय ३००० ठिपके. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की लांब बाजू साधारण १६०० वर येते. त्यातून ३०० डीपीआयने (म्हणजे एका इंचात ३०० ठिपके) जेमतेम सव्वापाच इंच निघतं. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, मूळ फाइल जशीच्या तशी जाते. दुकानात आयफोनची एचईआयसी (.heic) फाइल उघडली नाही तर जेपेग करून द्या.

१८ इंचांवर ४००० ठिपके पसरले की २२२ डीपीआय होतात. हातभर अंतरावरून पाहायच्या प्रिंटला ते चालतं, पण क्रॉप केलेलं असेल तर नाही. तुमचा फोटो ४:३ चा आणि प्रिंट ३:२ ची, त्यामुळे उंचीतले ३००० पैकी सुमारे ३३३ ठिपके कापले जाणार. कुठून कापायचं ते दुकानदारावर सोडलंत तर वरून डोकं जातं. स्वतः ३:२ मध्ये क्रॉप करून द्या.

फ्लेक्सला एवढं लागत नाही. ६ बाय ४ फुटांच्या फ्लेक्सवर ७२ इंच रुंदीत ४००० ठिपके म्हणजे ५५ डीपीआय. दहा फुटांवरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. फ्लेक्सवर सावल्या गडद छापल्या जातात, म्हणून प्रिंटसाठी केलेलाच फोटो न देता सावल्या थोड्या उजळून वेगळी प्रत द्या. मजकूर कुठे येणार तेही आधी विचारा. नेत्यांचे चेहरे वर येणार असतील तर वरचा एक तृतीयांश भाग मोकळा असलेला फोटो निवडा.